सहा आणि सहा बारा होत नाहीत

पुसद, ८ जुलै २०२४

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार.

सर्वप्रथम माझा लेखी निषेध नोंदवून घे. एकवीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे, आणि काल संध्याकाळपासून या घरात पत्र लिहिण्याजोगा एक कोरा कागद सापडत नाही. लग्नपत्रिका सापडल्या, मोबाईलचे तीन रिकामे खोके सापडले, गेल्या वर्षीचा हरवलेला चष्मासुद्धा सापडला. कागद नाही. शेवटी चाचणी परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्या उपसल्या. वर 'आसन क्रमांक' आणि 'पर्यवेक्षकाची सही' छापलेलं दिसेल, दचकू नकोस. सहीच्या जागी तुझ्या भावजयीने, प्रेरणाने, चहाचा कप ठेवला होता. तो डाग अधिकृत मानावा.

फोन असताना पत्र कशाला, हे तू विचारशीलच. नानाजी वकिलांची आज्ञा आहे. "फोनवरचं बोलणं हवेत जाते, सर. बहिणीकडून सगळी हकीकत लेखी मागवा."

हकीकत त्या रोडलगतच्या एकराची. २०११ च्या उन्हाळ्यात तांड्यातला फकिरा राठोड बायकोला घेऊन पुण्याकडे बांधकामावर गेला, आणि बापूजींनी आपल्या धुऱ्याचा बांध त्याच्या वावरात एक एकर आत सरकवला. तेव्हापासून सातबारा फकिराचा आणि वखर आपला. फकिरा वारला. आता त्याची बसंतीबाई कळंबच्या कोर्टात गेली आहे की माझा एकर मला परत द्या. दावा तुझ्या आणि माझ्या नावाने आहे.

नानाजींनी मला कायदा समजावला. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, त्याच्या नाकावर टिच्चून, मध्ये खंड न पडू देता बारा वर्षं कब्जा ठेवला, की मालकाची ती परत मागायची मुदत संपते. थोडक्यात, चोरी न थांबता केली तर तिचा हक्क होतो आणि मध्ये सुट्टी घेतली तर ती चोरीच राहते. मी निवृत्तीपर्यंत तेहतीस वर्षं नोकरी केली तरी मला एवढं कुणी देणार नाही.

२०११ ते २०२४ म्हणजे तेरा वर्षं झाली. बंटी प्लॉटवाला रोज फोन करतो, "सर, पेट्रोलपंपवाली पार्टी रेडी आहे, फक्त रोडटच एकर क्लियर करून द्या." तेव्हा तू एवढंच लिहून पाठव की या तेरा वर्षांत आपला वखर एकदाही थांबला नाही.

तुझा,
कपिल


चिंचखेडी, १९ जुलै २०२४

चि. कपिलास अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र पोस्टमननं हातात देलं तं मले वाटलं कोनाचा तरी पेपर चुकून आला. प्रेरणाले सांग, कपाखाली बशी ठेवत जाय.

इकडे पानी बरा आहे. सोयाबीन वर आलं, पऱ्हाटीचं डवरन चालू आहे. जेथं उगवलं नाई, नांग्या पडल्या, तेथं परत सरकी टोबली.

तू लिहिलं का वखर एकदाबी थांबला नाई असं लिहून दे. थांबला होता. २०१७ साली बापूजीचं खुब्याचं हाड मोडलं आन मी मृगापासून चार महिने त्याईले घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात होती, तुले ध्यानात असन. तू दोनदा भेटाले आलता. त्या साली तो तुकडा आपुन पेरला नाई. बस.

आन दुसरं एक. बसंती २०१५ ले पुण्याहून परत आली तवापासून दरसाली धुऱ्यावर येऊन शिव्या देऊन जाते. बोटं कडकडा मोडते. त्यानं खंड पडते का, ते वकिलाले विचार.

इंदु


पुसद, २ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप ताई,

विचारलं. शिव्यांनी खंड पडत नाही. नानाजी म्हणाले, "सर, भांडण, तक्रार, नोटीस, मोजणीचा अर्ज, कशानंच कब्जा तुटत नाही. मालकानं कोर्टात यावं, नाहीतर जमिनीवर यावं." म्हणजे ती बाई नऊ वर्षं घसा कोरडा करत होती आणि कायद्याला ऐकूच येत नव्हतं. मला आमच्या स्टाफरूमची आठवण झाली.

एक साल पडीक राहिल्यानेही नानाजी डगमगले नाहीत. "पडीक म्हणजे झोपलेला कब्जा. झोपलेला माणूस मेला म्हणतो का आपण?" मी नाही म्हणालो. त्यांनी फी सांगितली. तेव्हा झोपेत आहे तो मीच, असं वाटलं.

पण जाता जाता त्यांनी विचारलं, "पडीक म्हणजे रिकामाच होता ना तुकडा?" मी छातीठोकपणे हो म्हणालो आणि बसमध्ये बसल्यावर शंका आली. तुझं वाक्य पुन्हा वाचलं. तू लिहिलं आहेस, 'आपुन पेरला नाई.' ताई, मी मुलांना वाक्यातला कर्ता शोधायला शिकवतो. आपण पेरला नाही हे कळलं. कुणी पेरला?

कपिल


चिंचखेडी, ६ सप्टेंबर २०२४

चि. कपिल,

पोया झाला. आता बैल आपल्याकडे नाईत तं मातीचे पुजले.

बसंतीनं पेरला. कापूस. मृगात पेरला आन माघापर्यंत वेचला. पुढच्या उन्हाळ्यापासून परत आपला वखर आहे तो आतापर्यंत.

तू पहिले विचारलं नाई म्हून मी सांगतलं नाई.

इंदु


पुसद, २८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप ताई,

तीन ओळींत तू माझी तेरा वर्षं खाल्लीस.

तरी मी हिंमत सोडली नाही. रात्री हिशेब मांडला. २०११ ते २०१७, सहा वर्षं आपली. मधलं एक तिचं, ते सोडून देऊ, बाई माणूस आहे. २०१८ ते २०२४, पुन्हा सहा आपली. सहा आणि सहा किती? तुझी भाची सुरभी पाच वर्षांची असताना हे सांगायची. मी सकाळच्या पहिल्या गाडीने कळंब गाठलं आणि नानाजींसमोर तो कागद ठेवला.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परीक्षेत शुद्धलेखन सोडून देणाऱ्या पोराकडे पाहतो. "सर, असं जुळत नाही. मालकीण स्वतः जमिनीवर आली, पेरलं, पीक नेलं. तिथं तुमचं पहिलं मीटर शून्यावर आलं. २०१८ ला परत घुसले तेव्हा नवीन मीटर पडलं, ते आत्ता कुठं सहावर आहे." मी म्हटलं, मग ती आधीची सहा गेली कुठे? ते म्हणाले, "कुठंच नाही. नव्हतीच समजा." बापूजींनी सहा वर्षं पेरलं, वेचलं, विकलं, ते नव्हतंच. मग सुरभीच्या शाळेची फी कशातून गेली, हे मी विचारलं नाही.

गोंधळू नकोस, मी तुझ्या वाटचा गोंधळलो आहे. नानाजींनी वाट काढली आहे. त्या वर्षी आपण तो तुकडा बसंतीबाईला ठोक्याने, ठरीव भाड्याने, दिला होता, असं असेल तर ती मालकीण म्हणून आली नाही, आपलं कूळ म्हणून आली. मग कब्जा आपलाच राहतो आणि खंड पडत नाही. सोबत शपथपत्राचा मसुदा आहे. 'सदर इसमाने माझ्याकडे वावर मागितले व मी एका सालाकरिता दिले,' एवढंच वाक्य. तिने मागितलंच असेल, ताई. आठवून बघ. माणूस काहीतरी विचारतोच.

सही कर आणि पाठव.

कपिल


चिंचखेडी, १० नोव्हेंबर २०२४

चि. कपिल,

दिवाळीले तू आला नाई. करंज्या बंटीच्या हातानं पाठोल्या, त्यानं रस्त्यात खाल्ल्या नसन तं पोचल्या असन.

तुह्या कागदावर लिवलं आहे का बसंतीनं मले वावर मांगतलं. तिनं मले दही मांगतलं होतं.

आता नीट आयक. त्या साली मृगात मी बापूजीचे धोतर न्याले एक दिवस घरी आलती. सकाळी पाह्यलं तं बसंती कोनाचे तरी बैल मांगून आनलेले, तिफन घेऊन त्या तुकड्यात उभी. तिनं मले पाह्यलं, मी तिले पाह्यलं. मी दार लावलं, धोतराचा बोचका घेतला आन यवतमाळची गाडी धरली. तिनं मांगतलं नाई आन मी देलं नाई. तिचं होतं, तिनं पेरलं.

मंग दसऱ्याच्या आंगं बोंडं फुटली. मी घरी परत आलती. बसंती लोटा घेऊन आली, म्हने बाई, सीतादहीले दही पाहिजे, पैसे घे. सीतादहीच्या दह्याचे कोनी पैसे घेते का? तू शयरात राह्यला, तुले हे सांगाव लागन. पहिला कापूस वेचाच्या आंदी वावरात सात खडे मांडाव लागते, चुना-कुंकू लावून दहीभात वाहाव लागते. ते ज्याचं वावर त्याच्या घरची बाई करते. दुसऱ्याच्या वावरात कोनी करत नाई, कितीबी कापूस फुटो. आपुन त्या तुकड्यात सहा साल कापूस वेचला. आई तं नव्हतीच, करनारी मीच होती. पन मी सीतादही दरसाली आपल्या मूळच्या वावरात केली. त्या एकरात एकदाबी नाई. बापूजी म्हने काहून नाई करत, मी म्हनो तिकडे चिखल आहे.

त्या साली बसंतीच्या सुनेनं, अंजूनं, केली. मी दही घेऊन गेली तं बसंती तिच्या बोलीत म्हने, "आव बाई, बेस," ये, बस म्हून. मी तिच्या वावरात पंगतीले बसून दहीभात खाल्ला. पाव्हनी म्हून.

आता सांग, पाव्हन्या बाईनं ठोक्यानं वावर देल्लं असं मी कोनत्या तोंडानं लिवू? ज्या तोंडानं भात खाल्ला त्या?

सहीची जागा कोरीच ठेवून कागद परत पाठोते.

इंदु


पुसद, १ डिसेंबर २०२४

तीर्थरूप ताई,

तुझं पत्र नानाजींना दाखवलं ही माझी चूक. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि डोक्याला हात लावला. "सर, मी लिहून मागवा म्हणालो. खरं लिहून मागवा कुठं म्हणालो?"

पण वकील तो वकील. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे डोळे चमकले. "दही कोणाचं होतं?" मी म्हटलं, आमच्या म्हशीचं. "झालं तर! विधीचं मुख्य द्रव्य तुमचं, तुमची बहीण जागेवर हजर. सीतादही तुमच्या घराण्यानं केली, सून फक्त हातभार लावायला होती. कब्जा चालूच!" मी त्यांना नमस्कार केला. तेवढ्याशा दह्याला एवढी साय आणणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आता मला खरंच काही कळेनासं झालं आहे. बापूजी मालक नव्हते पण कब्जेदार होते. बसंतीबाई मालकीण आहे पण कब्जेदार नाही. मधलं एक वर्ष ती दोन्ही होती आणि आपण कुणीच नव्हतो, तू तर पाहुणी होतीस. दह्याच्या हिशेबाने मात्र आपण पुन्हा कुणीतरी आहोत. बंटी म्हणतो पार्टी फार थांबणार नाही. तारीख फेब्रुवारीतली आहे. तू सही केली नाहीस तर कोर्टात तुलाच उभं राहून सांगावं लागेल, आणि समोर बसंतीबाई असेल. ती जिंकली तर आपल्या पाच एकरांचं तोंड रोडपासून तुटेल. आपल्या वावराची किंमत काय राहील, याचा विचार तू केला आहेस का?

रागावून लिहितो आहे असं समज. नक्की कुणावर, ते ठरलं की कळवतो.

कपिल


चिंचखेडी, २२ डिसेंबर २०२४

चि. कपिल,

दह्यानं वावर आपलं होत असन तं तांड्यातल्या अर्ध्या घरचा चहा माह्या म्हशीच्या दुधाचा आहे. वकिलाले सांग, तांडाबी लिहून घे.

मी सही करत नाई. कोर्टात बलावलं तं जाईन आन इचारलं ते सांगीन. तू म्हनतो समोर बसंती असन. असू दे ना. तिले पाहून खरं बोलाले काई अडचन नाई, दुसरं बोलाले आहे.

तुले सांगतलं नाई ते आता सांगते. बापूजीले कायदा ठाऊक होता. दवाखान्यात पडल्या पडल्या ते मले म्हनत, बारा सालं वखर थांबू देऊ नोको, आता अर्धे होत आले. मी हो म्हनत जाओ. त्या साली तुकडा कोनी पेरला हे मी त्याईले सांगतलं नाई. घरी आल्यावरबी ते खाटेवरून उठले नाई, फेब्रुवारीत गेले ते वखर चालू आहे असं समजूनच गेले. बापाशी मी खोटं बोलली, कपिल. ते माह्यं मी पाहून घेईन. त्याच्यावर आनखी एक खोटं मले पेलवत नाई.

आन २०१८ ले वखर परत कोनी सुरू केला, तुले ध्यानात नाई का? मी नाई केला. मी तो तुकडा सोडून देल्ला होता. मे मईन्यात सुट्टीत तू आलता, डोक्यावर टोपी, गळ्यात ओला रुमाल. ट्रॅक्टरवाल्याले म्हनलं, बापूजीच्या मांगं आता मीच पाहीन, धुऱ्यापर्यंत मार. मी म्हनलं, कपिल, राहू दे तिकडचं. तू म्हनला, ताई, तुले शेतीतलं काय कळते.

बसंतीनं तिच्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचून ठेवल्या होत्या, सालभराचं सरपन. तू इचारलं ह्या कोनाच्या, आन कोनी सांगाच्या आंदी म्हनला आपल्याच असन, टाका ट्रॉलीत. त्या आपल्या आंगनात आल्या आन आपल्या चुलीत गेल्या. बसंती रोडवर उभी होती. तू तिले हात हालवला. तुले वाटलं गावातली कोनी बाई रामराम करून राह्यली.

इंदु


पुसद, ३ मार्च २०२५

तीर्थरूप ताई,

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. पुरवण्या संपल्या होत्या, असं सांगणार होतो, पण हे पत्रही पुरवणीवरच आहे.

त्या मे महिन्यातलं मला ट्रॅक्टर आठवतो, ऊन आठवतं, आणि आपण शेतकरी झाल्यासारखं वाटलं होतं, तेही आठवतं. बाई आठवत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

मग एका दुपारी, गठ्ठ्यातला चाळिसावा पेपर तपासताना, नानाजींचं ते मीटर अचानक समजलं. खंड पडला म्हणजे पहिली सहा वर्षं पुसली गेली. ती पुसली म्हणजे बापूजी पुसले गेले. त्यांनी सरकवलेला धुरा बसंतीबाईच्या तिफनीने कायद्यातून नांगरून काढला. मुदत मे २०१८ पासून मोजायची, म्हणजे माझ्यापासून. आजवर मी समजत होतो की वडिलांनी केलेलं मी सांभाळतो आहे. वडील सुटले, ताई. दाव्यात घुसखोर म्हणून उरला तो एकटा मी, टोपीसकट. आणि तिला मुदत होती २०३० पर्यंत. ती सहा वर्षं आधीच आली, आणि आपण तिला उशीर झाला म्हणून भांडत होतो.

फेब्रुवारीच्या तारखेला मी नानाजींना म्हटलं, खंड पडला होता असं लिहा. ते म्हणाले, "सर, अजून दह्याचा मुद्दा आहे." मी म्हटलं, आंबलं ते. त्यांनी खिन्नपणे तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचा लेखी कबुलीचा कागद, तयार केली. एकर तिचा, धुरा २०१० साली होता तिथे. नानाजी गावात येऊन तुझी सही घेऊन गेले ती याच कागदावर. बंटीने फोन उचलणं बंद केलं आहे, त्यामुळे दुपारची झोप चांगली लागते. आपल्या वावराला रोड नाही राहिला. बापूजींनी धुरा सरकवण्याआधीही नव्हता.

कोर्टाच्या व्हरांड्यात बसंतीबाई पुरसीसीची नक्कल हातात धरून बसली होती. मला म्हणाली, "मास्तर, हा कागद कवापर्यंत चालते?" मी म्हटलं, याला मुदत नाही, हा कायमचा. तिला ते पटलं नाही. तिने उठून नानाजींना विचारलं, मग स्वतःच्या वकिलाला विचारलं, मग अंजूला वाचायला लावलं. परत येऊन पुन्हा मला विचारलं, "म्हंजे खंड नाई पडला तं किती सालं?" मी समजावायला गेलो आणि माझंच बोलणं कुठेतरी तुटलं. कायमचं म्हणजे किती, हे मलाही नीट सांगता येईना. ती म्हणाली, "तवा मी मृगात पेरूनच ठेवते." मला वाटतं, कायदा त्या व्हरांड्यात तिच्याइतका कुणाला समजला नव्हता.

शेवटचं. परवा चिंचखेडीला येऊन गेलो, तू कळंबच्या बाजाराला गेली होतीस. भाड्याने एक बैलबंडी केली, आपल्या गोठ्यामागच्या गंजीतल्या यंदाच्या पऱ्हाट्या भरल्या आणि तांड्यात बसंतीबाईच्या अंगणात नीट रचून ठेवल्या. घरी अंजू एकटीच होती. तिने विचारलं, किती द्यायचे. मी काही नाही म्हणालो आणि बंडीवाल्याला हाकायला सांगितलं. गंजी अर्धी दिसेल, चोर शोधू नकोस.

तुझा,
कपिल